द्यायचं, घ्यायचं नाही

दोन्या ओर्फिलियांबद्दल, म्हणजे ओर्फिलियाबाईंबद्दल, आमच्या एल गुआमो वस्तीत एक गोष्ट सांगतात. पायऱ्यांच्या तळाशी ती अशी ऐकू येते, की एका डिसेंबरात शेजारणीने प्रेमाने नातियाची, म्हणजे दालचिनी घातलेल्या घट्ट खिरीची, ताटली नेऊन दिली, तर या बाईने ती तिच्या डोळ्यांदेखत कुत्र्यापुढे सरकवली. गोष्ट मधल्या वळणावर येते तोवर कुत्र्याच्या घशात दालचिनीची काडी अडकलेली असते. वरच्या घरांपर्यंत चढते तोवर कुत्रा मेलेला असतो.

कुत्रा मेला नव्हता. तो आमचाच होता, त्यानंतर सहा वर्षं जगला आणि म्हातारपणाने गेला. ताटलीही आमचीच. शेजारीण म्हणजे माझी आई, रुबिएला. मी तेव्हा पाच वर्षांची होते आणि शेजारीच उभी राहून नातियाकडे बघत होते, त्यामुळे मला सगळं स्वच्छ आठवतं. कारण ती नातिया मला मिळाली नाही.

झालं होतं असं, की त्या वर्षी दोघींनी अगिनाल्दोची पैज लावली होती. डिसेंबरात आमच्याकडे सगळेच लावतात. सोळा तारखेला नाताळची नऊ दिवसांची नोवेना सुरू झाली, की रोज संध्याकाळी सहाला कोणाच्या तरी घरी प्रार्थना, आणि उरलेला दिवसभर एकमेकांना फसवायचं, ते थेट चोवीस तारखेच्या प्रार्थनेपर्यंत. खेळ ठरलेले आहेत. 'तोंडात काडी' खेळताना गवताची काडी सतत गालात ठेवायची आणि समोरच्याने विचारलं की जिभेवर काढून दाखवायची. 'बोलायचं, उत्तर द्यायचं नाही' हे नावातच आलं. आणि 'द्यायचं, घ्यायचं नाही', म्हणजे समोरच्याच्या हातून काहीही घेतलंत की हरलात. तो म्हणतो, 'माझे अगिनाल्दो', म्हणजे माझी नाताळची भेट, आणि ठरलेलं वसूल करतो.

तर आई ताटली घेऊन उभी आणि दोन्या ओर्फिलिया दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"घ्या ना, गरम आहे. हात भाजतोय माझा."

"मग भाजू दे. बर्फ देऊ? हातात देते."

"ओर्फिलिया, शेजारधर्म आहे हा."

"शेजारधर्म पायरीवर ठेव."

आईने ठेवला. मग दोघी इतक्या हसल्या की भिंतीला टेकून बसल्या, आणि तेवढ्यात कुत्र्याने शेजारधर्म चाटूनपुसून साफ केला. बस, एवढंच. पण खालून बघणाऱ्यांना हसू ऐकू आलं नाही, नुसता कुत्रा दिसला. तेव्हापासून दोन्या ओर्फिलिया म्हणजे कोणाकडून काही न घेणारी बाई.

हे नाव त्यांनी झटकून टाकायला हवं होतं. त्यांनी ते ॲप्रनसारखं कमरेला बांधलं.

त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत, माझ्या खांद्याला लागतात, आणि आवाज असा की कोणी खरवडून काढलेल्या पातेल्यातून बोलतंय. प्रत्येक वाक्य 'हे बघ' ने सुरू होतं आणि शेवटच्या शब्दावर पाय आपटल्यासारखं थांबतं. मला 'तू' म्हणतात तोवर सगळं ठीक. 'तुम्ही' म्हणाल्या की मी पायरी उतरायला लागते. शाळेचे गणवेश शिवतात, पँटी लांब-आखूड करून देतात. आणि सतत काहीतरी देत असतात. त्यांच्या दारातून रिकाम्या हाताने परत जाणं एकदा चौकशीला आलेल्या पोलिसालाही जमलं नाही. तो दोन आरेपा, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, आणि शिवलेलं बटण घेऊन गेला.

घर सगळ्यात वर, शहाण्णवाव्या पायरीवर. आमच्या मानिसालेस शहरात सपाट असं फक्त बिलियर्डचं टेबल असतं. माझे बाबा आणि त्यांच्या मित्रांनी पायऱ्यांना पाइपाचा कठडा लावला, पण साठाव्या पायरीला पाइप संपला. तिथून वर ज्याचा त्याचा देव.

त्या शहाण्णवाव्या पायरीवर, खिडकीशी, दॉन एवेलियो बसतात. त्यांचे यजमान. तीस वर्षं जीपमधून कॉफीची पोती आणि त्यावर बसलेली माणसं डोंगरावरून खाली आणली. चार वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. नाही, सगळं नाही गेलं. 'तेच तर' हे दोन शब्द राहिले, आणि एक शिवी राहिली. ती शिवी ते अशी देतात, की पाद्रीबाबांचा 'आमेन'सुद्धा इतका स्पष्ट नसतो. या दोन्हींत त्यांचं सगळं भागतं. पहिल्या वर्षी चार पोरं गेली होती सांगायला, की नोवेनाला त्यांना खुर्चीसकट उचलून खाली नेतो.

"हे बघा," दोन्या म्हणाल्या, "ते पोतं नाहीत."

दॉन एवेलियोंनी शिवी दिली. ती पोरांना होती की बायकोला, यावर आजही दोन मतं आहेत.

म्हणून ते वरूनच नोवेना करतात. बाटल्यांची झाकणं ठोकून तारेत ओवलेला खुळखुळा आहे, तो डाव्या हाताने वाजवतात. खाली गाणं चालू असतं, कडवं संपतं, आणि मग वरून खुळखुळा येतो, एक ठोका उशिरा. पहिल्या वर्षी गाणं विस्कटायचं. आता खालची मंडळी कडवं संपलं की एक ठोका थांबतात. कोणी ठरवलं नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, एल गुआमोत सगळ्यांनाच दम लागतो.

दॉन एवेलियोंना भरवणं सोपं नाही. पातळ दिलं तर ठसका लागतो, आणि तो ठसका वाईट. एकदा त्यातून छातीत पाणी झालं होतं. म्हणून सूप घट्ट हवं, हनुवटी खाली हवी, अर्धा चमचा, गळ्याची हालचाल बघायची, मगच पुढचा. हे दोन्या ओर्फिलियांशिवाय कोणी करत नाही, कारण त्या कोणाला करू देत नाहीत. अंघोळ त्याच घालतात, पलंगावरून खुर्चीत त्याच बसवतात.

आणि दोन्यांना स्वतःलाच दिसत नाही. डाव्या डोळ्यात ढग आहे, तो आपल्यालाही दिसतो, आणि उजव्यात येऊ घातलाय. मागच्या वर्षी कॉफीत त्यांनी मीठ घातलं. दॉन अर्नुल्फोंनी, म्हणजे आमच्या बेकरीवाल्यांनी, ती कॉफी शेवटपर्यंत प्यायली आणि वर "देवाच्या दयेने उत्तम" म्हणाले. सरकारी दवाखान्याने ऑपरेशनची तारीख दिली मार्चची, गेल्या नाहीत. मग ऑगस्टची, गेल्या नाहीत. नोव्हेंबरात नर्सबाई शहाण्णव पायऱ्या चढून आली आणि कठड्याला टेकायला गेली, तर तिथे कठडाच नाही.

"नऊ जानेवारी," ती धापा टाकत म्हणाली. "या वेळी चुकली तर नाव यादीच्या तळाला. वर्ष जाईल, दोनही जातील. तोवर दुसराही डोळा जाईल, दोन्या."

"आणि नंतर?"

"पंधरा दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही, चुलीसमोर उभं राहायचं नाही."

"मग ह्यांचं?"

"शेजारीपाजारी—"

"हे बघा," दोन्या म्हणाल्या. "मी कोणाकडून काही घेत नाही." आणि नर्सबाईच्या हातात चार केळी दिली.

आईने समजावलं, बाबांनी समजावलं, पाद्रीबाबांनी तर उपदेश केला. काही नाही. शेवटी आई, मी आणि दॉन अर्नुल्फो बेकरीत बसलो आणि कट केला. उपकार घेत नाहीत ना, मग हरवू. पैजेचा शब्द कोणी मोडत नाही. एल गुआमोत उधारी बुडवलेला माणूस सापडेल, अगिनाल्दो बुडवलेला नाही. तिघांनी तीन खेळ लावायचे. एक जरी जिंकला, तरी त्यांनी नऊ तारखेला जायचं.

सोळा तारखेला वर गेलो. आईने 'बोलायचं, उत्तर द्यायचं नाही' लावलं. दॉन अर्नुल्फोंनी काडी. मी 'द्यायचं, घ्यायचं नाही'. अट ऐकून दोन्या ओर्फिलिया जरा वेळ शिलाई मशीनच्या चाकावर हात फिरवत राहिल्या.

"आणि मी जिंकले तर?"

"तुम्ही मागाल ते," मी म्हणाले.

"तिघांकडून?"

"तिघांकडून."

"मागेन ते," त्या म्हणाल्या. मी ठरलं म्हणून हात पुढे केला. त्यांनी आपला मागे घेतला. "हातसुद्धा घेत नाही, पोरी. खेळ सुरू झाला."

आई चाळीस मिनिटं टिकली. तोंडावर कुलूप लावून बसली होती बिचारी. दोन्यांनी प्रार्थना कधी, पाऊस येईल का, असलं काही विचारलंच नाही. सुई शोधता शोधता सहज म्हणाल्या, "हे बघ रुबिएला, तुझी नातिया या वर्षी चिकट झालीय असं खाली कोण म्हणत होतं?"

"कोण म्हणालं?" आई उठलीच. "मक्याचं पीठ मी स्वतः चाळलंय, तीनदा—"

"माझे अगिनाल्दो."

"काय पाहिजे ते सांगा," आई कपाळाला हात लावून म्हणाली.

"सांगेन. घाई नाही."

दॉन अर्नुल्फो चार दिवस टिकले. गालात काडी ठेवून पाव विकत होते, त्यामुळे "दोन हजार पेसो, देवाच्या दयेने" हे "तोन अजार पेतो, तेवाच्या तयेने" असं ऐकू येत होतं आणि मी ते दुकानातच त्यांच्या तोंडावर करून दाखवत होते. पण वीस तारखेला नोवेना दोन्यांच्या घरी होती, आणि प्रार्थना दरवर्षी दॉन अर्नुल्फोच वाचतात. आता बाळ येशूसमोर तोंडात गवत घेऊन कसं वाचणार? चांगल्या मनाचा माणूस, काडी काढून खिशात ठेवली. शेवटचा आमेन झाला, खिडकीशी खुळखुळा वाजला, आणि त्या ठोक्यावरच दोन्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तोंडात काडी?"

दॉन अर्नुल्फोंनी जीभ काढली. जिभेवर आमेनशिवाय काही नव्हतं.

उरले मी.

सोळापासून मी रोज बारा वाजता वर जात होते, दॉन एवेलियोंच्या जेवणाच्या वेळेला, कारण तेव्हा दोन्यांचे हात गुंतलेले असतात आणि माणूस विसरतो. असं मला वाटायचं. मी पत्र दिलं: "टेबलावर ठेव." मी पेला मुद्दाम निसटू दिला: तो फुटला, आणि झाडू त्यांनी कोपऱ्यातून स्वतः आणला. मांजराचं पिल्लू नेलं, म्याव करणारं, कोणीही घेतलं असतं. त्यांनी ॲप्रन पसरला आणि म्हणाल्या, "त्याला स्वतःहून उडी मारू दे."

एकदा सुई ओवून नेली. तो गणवेश त्यांनी दोन दिवस तसाच ठेवला होता, कारण दोरा सुईत जात नव्हता. मी लांब दोरा ओवला, गाठ मारली आणि पुढे धरली. दोन्या त्या सुईकडे बघत राहिल्या. म्हणजे जिथे सुई असावी तिकडे. मला पहिल्यांदाच वाटलं, घ्या ना, मी 'माझे अगिनाल्दो' म्हणणार नाही.

"उशीत खोच," त्या म्हणाल्या.

त्या घरात मला नऊ दिवसांत एक आरेपासुद्धा मिळाला नाही. आणि बडबड तर इतकी, की विचारू नका. एरवी मुकाट्याने भरवणारी बाई, पण या दिवसांत दॉन एवेलियोंना भरवताना भिंतीशी बोलल्यासारखी बोलायची. "हे बघ, हनुवटी खाली. घाई केली की संपलं. आता गळा बघायचा. वर गेला, खाली आला, आता दुसरा. डोळे मिटले म्हणजे नको आहे, शिवी दिली म्हणजे गरम आहे." मी मान डोलवायची आणि मनात पुढचा डाव रचायची.

तेवीस तारखेला मी माझा हुकमी एक्का काढला. त्यांना दारातलं माणूस ओळखू येत नाही, नुसती सावली दिसते. मी दॉन अर्नुल्फोंची टोपी आणि पीठ लागलेला कोट घेतला, पिशवीत पाव भरले, आणि दारात उभी राहून त्यांच्या आवाजात म्हणाले, "दोन्या, गरम पाव आणलेत, धरा. देवाच्या दयेने आजची भट्टी छान लागली."

आता माझा अर्नुल्फो असा आहे, की त्यांची स्वतःची बायको फसते. दोन्या उठल्या. हात पुसला. पुढे केला. बोटं पिशवीला टेकणार, तेवढ्यात थांबल्या आणि दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले.

"अर्नुल्फोला इथवर चढून आलं की धाप लागते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही लागली."

'तुम्हाला' म्हणाल्या. मी टोपी काढली. माझे कान गरम झाले होते, आणि ते हरल्यामुळे नव्हतं. ज्या डोळ्यांसाठी पैज लावली, त्याच डोळ्यांना फसवायला निघाले होते. "तेच तर," खिडकीतून दॉन एवेलियो म्हणाले.

चोवीस तारखेला आईने विचारलं, "आज काय करणार?" मी म्हणाले, काही नाही, नुसती जाऊन बसणार. संध्याकाळी सहाला शेवटची प्रार्थना, की खेळ खलास. दोन्या जाणार नाहीत. नाव यादीच्या तळाला. मी पहिल्यांदा त्या शहाण्णव पायऱ्या धापा टाकत चढले.

आत दालचिनी आणि गुळाचा वास कोंडला होता. दोन्या चुलीपाशी, पातेल्यात नातिया, आणि नातिया घट्ट व्हायला लागली की हात थांबवायचा नाही. थांबलात की तळाला लागते, आणि लागलेली नातिया एल गुआमोत कोणी विसरत नाही. दुसऱ्या हातात दॉन एवेलियोंचं सूप. बारा वाजून गेले होते. दॉन एवेलियोंनी शिवी दिली.

"ऐकलं, ऐकलं," दोन्या म्हणाल्या. "यादिरा, हे धर जरा. लागतेय."

मी वाडगा धरला. चमचा त्यातच होता. खुर्ची ओढली, सूप ढवळून बघितलं, घट्ट होतं. "दॉन एवेलियो, हनुवटी खाली," मी म्हणाले, आणि ते माझ्या तोंडून हुबेहूब खरवडलेल्या पातेल्याच्या आवाजात निघालं, मी काही ठरवलं नव्हतं. ते फिसकन हसले. मी हसू संपायची वाट बघितली, कारण हसताना द्यायचं नाही. मग अर्धा चमचा. गळा वर गेला, खाली आला. मग दुसरा.

तिसऱ्या चमच्याला माझ्या मागे पातेल्यातला डाव थांबला.

"माझे अगिनाल्दो," दोन्या ओर्फिलिया म्हणाल्या.

मी वाडग्याकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे. नऊ दिवस त्यांनी घ्यावं म्हणून मी धडपडत होते, आणि हा खेळ दोघांना लागू असतो, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

"बोला," मी म्हणाले. "काय पाहिजे?"

"नऊ तारखेपासून पंधरा दिवस दुपारचं जेवण. बारा वाजता. सव्वाबारा चालणार नाही, ते शिव्या देतात."

मला कळायला जरा वेळ लागला. "म्हणजे तुम्ही—"

"हे बघ. मी कोणाकडून काही घेत नाही. जिंकलेलं मात्र सोडत नाही."

"आणि आईकडून काय?"

"सकाळची अंघोळ. अर्नुल्फोकडून उचलून खुर्चीत बसवणं, दोन वेळा. त्याला धाप लागेल, पण हात मजबूत आहेत."

"पण माझ्या हातून ठसका लागला तर?"

"आठ दिवस घसा कोरडा करून शिकवलं ते कोणाला, भिंतीला?" त्या परत पातेल्याकडे वळल्या आणि जोरात ढवळायला लागल्या. शेवटचे शब्द मला जेमतेम ऐकू आले. "सुई चांगली ओवली होतीस."

मी हरले ती अशी. नुसतीच नाही, तीन चमच्यांत हरले, आणि आईच्या चाळीस मिनिटांना हसलेली मीच. मी वाडगा खाली ठेवायला लागले.

"कुठे ठेवतेस?" दोन्या मागे न बघता म्हणाल्या. "अर्धा राहिलाय."